'रोग वन' पाहिला, भिडला नाही. अँडॉर मालिका बघू की नको?

कातरवेळ
मूळ तीन सिनेमांनंतर स्टार वॉर्समध्ये काही खरंच चांगलं झालं असेल तर ते 'रोग वन' (२०१६), असं सगळीकडे ऐकत आले. काल एकदाचा पाहिला. स्कॅरिफ ग्रहावरची शेवटची लढाई जबरदस्त आहे, त्यात वादच नाही. पण एकामागून एक सगळे मरत गेले आणि मला कोणाचंच काही वाटलं नाही. हे मला फार लागलंय, कारण मला हा सिनेमा मनापासून आवडायला हवा होता.

प्रश्न एवढाच की यातल्या कॅसियन अँडॉरवरची 'अँडॉर' मालिका बघितल्यावर हा सिनेमा सुधारतो का? सबस्क्रिप्शन रविवारी संपतंय. 'पुन्हा एकदा नीट बघा' हे उत्तर कृपया नको.

रातकिडा
आधी काय काय पाहिलंय? इंग्रजीत पाहिला की हिंदी डब? काय खटकलं तेही लिहिलं नाहीत. कसं सांगणार?

जुनी रीळ
तुम्ही चुकीची अपेक्षा ठेवून बसलात. १९७७च्या सिनेमाच्या सुरुवातीला वर सरकत जाणारा मजकूर आठवा. बंडखोरांच्या हेरांनी साम्राज्याच्या डेथ स्टार या महाशस्त्राचे नकाशे पळवले, असं त्यात एक वाक्य आहे. जॉन नॉल या स्पेशल इफेक्ट्सवाल्या माणसाला त्यावरून ही गोष्ट सुचली. शेवट आधीच माहीत असताना उत्कंठा कुठून येणार? तो खलनायक वेडरचा प्रसंग बघा. दार अडकलंय, मागे अंधारात लाल तलवार, आणि फटीतून नकाशे पुढच्या माणसाच्या हाती जातात. थेटरात माझ्या अंगावर काटा आला होता.

टीव्हीवाला
टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल जास्त गुळगुळीत दाखवणारी सोय) बंद केलं होतं का? सुरू असेल तर कुठलाही सिनेमा मालिकेसारखा दिसतो. सेटिंगमध्ये पिक्चर, त्यात क्लॅरिटी. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं.

कातरवेळ
टीव्ही ठीक आहे हो. मूळ तिन्ही पाहिलेत, इंग्रजीतच.

शेवट माहीत असण्याचा मला त्रास नाही. बाजीप्रभूंचं काय झालं ते शाळेपासून माहीत आहे, तरी विशाळगडाच्या तोफा म्हटलं की पोटात कालवतं. इथे माणसंच हाती लागत नाहीत. नायिका जिन लहानपणी लपते, मग एकदम मोठी होऊन कैदेत दिसते, वडिलांचा होलोग्राम बघून रडते आणि पुढे थेट बंडखोरांच्या बैठकीत भाषण करते. हा बदल कधी झाला? त्या वेळात आपण ग्रहांची नावं वाचत असतो.

बंडखोरांचा हेर कॅसियनचा पहिला प्रसंग मात्र अप्रतिम. खबऱ्याचा हात जायबंदी, त्याला वर चढून पळता येणार नाही, आणि कॅसियन त्याला धीर देतादेताच गोळी घालतो. मला वाटलं, आता या माणसाबरोबर दोन तास काढायचेत. पण सिनेमा त्याला सोडून दुसरीकडेच निघून गेला.

गच्चीवरचा
साफ असहमत. ही युद्धकथा आहे. साधी माणसं येतात, काम करतात, मरतात. जिनचा साथीदार चिरुट गोळ्यांच्या वर्षावात त्या स्विचकडे चालत जातो, पाठोपाठ त्याचा मित्र बेझ जातो. आणखी काय हवंय?

रातकिडा
त्या दोघांची मैत्री दाखवणारे दोन प्रसंग हवे होते, @गच्चीवरचा. नट चांगले आहेत म्हणून आपण रिकाम्या जागा भरून घेतो. शिवाय शूटिंग संपल्यावर लेखक-दिग्दर्शक टोनी गिलरॉयला बोलावून बराच भाग नव्याने केला. ट्रेलरमध्ये जिन आणि कॅसियन किनाऱ्यावर नकाशे घेऊन पळताना दिसतात, सिनेमात ते दृश्यच नाही. तो सांधा मला तरी दिसतो.

गच्चीवरचा
सांधा दिसतो ते बातम्या वाचल्यामुळे. मी काही न वाचता गेलो होतो, मला दिसला नाही. आणि मायकल जियाचिनोने जेमतेम साडेचार आठवड्यांत संगीत दिलंय, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

जुनी रीळ
अवांतर: १९७७च्या सिनेमात टार्किन साकारणारे पीटर कुशिंग १९९४ला गेले. इथे नट गाय हेन्रीच्या अभिनयावर त्यांचा चेहरा चढवणं पटतं का कोणाला? मला त्या प्रत्येक प्रसंगात डोळे खटकले. त्यापेक्षा १९७७च्या सिनेमातलं न वापरलेलं फुटेज घेऊन जुने वैमानिक आणले, ते किती सुंदर झालंय.

टीव्हीवाला
+१. वैमानिकांना बघून मी ओरडलोच.

ओसरी
मूळ प्रश्नाकडे येते. @कातरवेळ, अँडॉर त्याच गिलरॉयची आहे. जिन त्यात नाही, म्हणजे तिच्याबद्दलची तुमची तक्रार तशीच राहील. कॅसियनचं मात्र पूर्ण बदलतं. तो खबऱ्याचा प्रसंग तुम्हाला एवढा आवडला ना? असं करू शकणारा माणूस कसा घडतो, तेच ही मालिका दाखवते. तिथपर्यंत पोचताना त्याने कोणाकोणाला गमावलंय ते कळलं की स्कॅरिफच्या किनाऱ्यावरचा त्याचा चेहरा वेगळा दिसतो. मला दिसला.

रविवारपर्यंत पहिला सीझनच बघा. पहिले तीन भाग २०२२मध्ये एकाच दिवशी आले होते, ते सलग बघा, नाहीतर संथ वाटतील. चार ते सहा दरोडा, आठ ते दहा तुरुंग. अँडी सर्किस काय आहे त्यात! दुसऱ्या सीझनमध्ये दर तीन भागांनी एक वर्ष पुढे सरकतं आणि शेवट सिनेमाच्या तोंडाशी येऊन थांबतो. तो नंतर कधीही बघा.

रातकिडा
मालिका उत्तमच आहे. पण सिनेमा समजायला २४ भाग लागत असतील तर तो सिनेमाचाच दोष, हे माझं मत कायम.

ओसरी
दोष आहेच, मी कुठे नाही म्हणतेय? त्यांना बघू का एवढंच विचारायचं होतं.

कातरवेळ
@ओसरी, मनापासून आभार, हेच हवं होतं. आज रात्री पहिले तीन सुरू करते. वेळ कमी पडला तर सातवा गाळला तर चालेल का? तुम्ही त्याचं नाव घेतलं नाहीत.

ओसरी
अजिबात नको! कॅसियन तुरुंगात का जातो ते सातव्याच्या शेवटी आहे, आणि ज्या क्षुल्लक कारणावरून त्याला धरतात तो भाग चुकवू नका.