मदत हवी आहे: सिगारेट सोडली, तलफ झेपतेय, पण थकवा जात नाही

सिगारेट पूर्ण बंद करून तिसरा आठवडा चालू आहे. त्याआधी बरीच वर्षं रोज पाकीटभर, आणि पहिली सकाळी डोळे उघडल्या उघडल्या. सोडताना धास्ती होती ती तलफेची. ती येते, चार-पाच मिनिटं जीव खाते आणि जाते. तिचं एवढं काही नाही.

त्रास थकव्याचा आहे. झोप आल्यासारखं नाही, अंगातलं त्राणच गेल्यासारखं. दुपारनंतर डोकं चालेनासं होतं. एकच मेल पुन्हा पुन्हा वाचतो आणि तरी उत्तर सुचत नाही. गंमत म्हणजे जिना चढताना आता धाप लागत नाही, पण चढायची इच्छाच होत नाही. रात्री झोप लागते, मग मध्येच कधीतरी खाडकन जाग येते आणि छाती धडधडत असते. त्याआधी जे स्वप्न चालू असतं ते सांगण्यासारखं नसतं. सकाळी उठतो तो आदल्या रात्रीपेक्षा जास्त दमलेला. काम तर करायचंच आहे, त्यामुळे चहा-कॉफी पूर्वीपेक्षा बरीच वाढली आहे.

बाकी किरकोळ: खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय, तोंड आलंय, पोट साफ होत नाही, घरच्यांवर विनाकारण खेकसतो.

डॉक्टरांनी दिलेला २१ मिलिग्रॅमचा निकोटिन पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) लावतो, चोवीस तास. तलफ फारच आली तर २ मिलिग्रॅमची निकोटिन गम. ती चावली की उचक्या लागतात आणि छातीत जळजळतं.

हा थकवा सिगारेट सोडल्याचा की पॅचचा, हे ओळखायचं कसं? साधारण किती काळ चालतो? आणि कामाचा दिवस ढकलण्यासाठी तुम्ही नक्की काय केलंत? एक ओढली तर लगेच तरतरी येईल हे मला पक्कं माहीत आहे, भीती त्याचीच आहे. 'मनावर घेतलं की सगळं जमतं' हे सोडून काहीही सांगा.

शिळोप्या

अगदी माझंच वर्णन. तलफेबद्दल सगळे बोलतात, या मरगळीबद्दल आधी कोणी सांगत नाही. मला तर वाटलं होतं, तपासणीत काहीतरी मोठं निघणार. काही निघालं नाही. महिनाभराने ओसरायला लागलं, तेही सरळ नाही. दोन दिवस बरे, मग एक असा की पुन्हा सगळं पहिल्यासारखं.

त्या काळात डोकं लागणारी कामं मी सकाळी उरकायचो आणि दुपारी नुसते हात चालवायची कामं ठेवायचो. जेवणानंतर वीस मिनिटं गजर लावून पडायचो. त्याहून जास्त झोपलं की रात्रीची झोप गेलीच म्हणून समजा. आणि अगदी गळून गेल्यासारखं वाटलं की चपला घालून दहा मिनिटं चालून यायचो. ऐकायला उलटं वाटतं, पण लोळण्यापेक्षा त्याने जास्त हुशारी येते. तलफही तेवढ्यापुरती बसते.

हिरवळ

शरीरातलं विष बाहेर पडतंय, म्हणून थकवा. भरपूर पाणी प्या, आठवडाभर फक्त फळांच्या रसावर राहा आणि तो पॅच फेकून द्या. पॅच म्हणजेही निकोटिनच की! एक व्यसन सोडून दुसरं कशाला?

रानजाई

पॅच फेकू नका, आधी एवढंच. सिगारेट सोडणाऱ्यांच्या समुपदेशनाचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निकोटिन बाहेर काढण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. धुरातून येणारा कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो. तुमची धाप कमी झाली त्यात त्याचा वाटा आहे. पाणी जरूर प्या, पण ते पोट साफ होण्यासाठी. आणि आधीच त्राण नसलेल्या माणसाला रसावर ठेवणं मला तरी पटत नाही. पोट रिकामं असलं की तलफही जोर धरते.

थकवा खरा आहे, मनाचे खेळ नाहीत. निकोटिन हे उत्तेजक आहे. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत ते मेंदूत पोचतं, तिथे डोपामिन हे हुरूप देणारं रसायन सुटतं, नाडी वाढते, लक्ष एकवटतं. दिवसभर, वर्षानुवर्षं हे होत राहिलं की मेंदूतले निकोटिन पकडणारे रिसेप्टर संख्येने वाढतात. सिगारेट थांबली की त्यांना मिळणारा तो झटका थांबतो, आणि त्यांची संख्या पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात. पॅचमधून निकोटिन मिळतं, पण संथ आणि एकसारखं. त्यामुळे तलफ सुसह्य होते, तरतरी मात्र तशी येत नाही. तुम्हाला तलफ झेपतेय आणि मरगळ झेपत नाही, त्याचं एक कारण हे.

चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणं हे पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि बहुतेकांचं दोन ते चार आठवड्यांत उतरतं. भूक मात्र जास्त काळ छळते. खोकल्याचं म्हणाल तर श्वासनलिकेत बारीक लव असते, ती धुरामुळे निपचित पडलेली असते. ती पुन्हा हलायला लागली की साचलेला कफ वर येतो. तोंड येणंही या दिवसांत नेहमीचंच.

पण मला खटकलं ते तुमचं चहा-कॉफीचं वाक्य. कॅफीन मोडायचं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं, सीवायपी१ए२ नावाचं. सिगारेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळे हे एन्झाइम जादा जोमाने चालतं. म्हणूनच सिगारेट ओढणाऱ्याला दिवसभर कॉफी पचते. धूर थांबला की काही दिवसांतच हा जोम ओसरतो, आणि तेवढ्याच कपांमध्ये रक्तातलं कॅफीन जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. तुम्ही तर कप वाढवलेत! रात्रीची जाग, धडधड, हात थरथरणं, खेकसणं हे सगळं लोक सिगारेट सुटल्याच्या खात्यावर टाकतात, पण त्यातलं बरंचसं कॅफीनचं असू शकतं. मग झोप अर्धी, सकाळी थकवा, म्हणून आणखी एक कप. पॅच लावूनही यात फरक पडत नाही, कारण एन्झाइमला चालना धूर देतो, निकोटिन नव्हे.

तेव्हा सिगारेट चालू असताना जेवढी चहा-कॉफी घेत होतात त्याच्या निम्म्यावर आधी या. दुपारनंतर नको. एका दिवसात तोडू नका, तीन-चार दिवसांत उतरवा. कॅफीन एकदम बंद केलं तरी डोकं दुखतं आणि गळून जायला होतं, म्हणजे पुन्हा तोच गोंधळ.

खलबत्ता

औषधांच्या दुकानात उभा असतो, त्यामुळे पॅच-गमचं मी सांगतो.

गम च्युइंगमसारखी चघळायची नसते, आणि हे बहुतेकांना कोणी समजावून सांगत नाही. सावकाश काही वेळा चावा, तोंडात झिणझिणलं किंवा तिखटसर चव आली की थांबा आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा चावा. एक गम अर्धा तास चालते. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. भराभर चावलं की ते लाळेबरोबर पोटात जातं. तिथे त्याचा उपयोग कमी आणि उचक्या, जळजळ जास्त. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक नको. आंबट पदार्थांमुळे निकोटिन तोंडातून नीट शोषलं जात नाही.

पॅचचा त्रास की सोडल्याचा त्रास? निकोटिन जास्त होतंय असं असेल तर मळमळ, गरगरणं, घाम, धडधड, डोकेदुखी दिसते. कमी पडत असेल तर तलफ, चिडचिड, काही सुचत नाही. चोवीस तासांच्या पॅचचा नेहमीचा उपद्रव म्हणजे विचित्र, ठसठशीत स्वप्नं आणि मोडलेली झोप. तुमच्या रात्रींचा काही भाग नक्की त्याच्या खात्यावर आहे. थकवा सरळ पॅचमुळे असेल असं वाटत नाही, झोपेच्या मार्गाने मात्र असू शकेल. पॅचची जागा रोज बदला, नाहीतर त्वचा लाल होऊन खाज सुटते.

सिगारेट सोडण्यासाठी पॅचऐवजी व्हरेनिक्लिनच्या गोळीवर असणाऱ्यांसाठी: उपाशीपोटी घेतली की मळमळ वाढते, जेवून भरपूर पाण्याबरोबर घ्या. स्वप्नं तीही दाखवते. त्यासाठीच दिली जाणारी दुसरी गोळी, ब्युप्रोपियॉन, हिने झोप उडते आणि तोंड कोरडं पडतं. कधी फिट आली असेल तर ते घ्यायचंच नाही, डॉक्टरांना तसं आधी सांगा.

रानजाईंनी सांगितलेलं एन्झाइम फक्त कॅफीनचं नाही. थिओफिलिन (दम्याचं), क्लोझापिन, ओलान्झापिन (मानसिक आजारांवरची) ही औषधंही त्याच वाटेने मोडतात, म्हणजे सिगारेट सुटल्यावर जुना डोस भारी पडू शकतो. असं कुठलंही औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना कळवा. डोस स्वतःच्या मनाने कमी करायचा नाही.

मूळ प्रश्नकर्ता

कॅफीनचं हे कोणीच सांगितलं नव्हतं. उद्यापासून उतरवायला घेतो. दुसरं कुठलंही औषध चालू नाही. दोन शंका आहेत. स्वप्नं टाळायला पॅच रात्री काढला तर सकाळी निकोटिन उतरलेलं असणार, आणि माझी सगळ्यात वाईट वेळ सकाळचीच. आणि हा थकवा किती लांबला तर तपासण्या करून घ्यायच्या?

रानजाई

तपासण्यांचं आधी. छातीत दुखणं, बसल्या जागी दम लागणं, खोकल्यातून रक्त, यांपैकी काही झालं तर वाट बघत बसू नका, लगेच दाखवा. खोकला तीन आठवड्यांच्या वर रेंगाळला किंवा वजन आपोआप उतरायला लागलं तरी दाखवा. सिगारेट सोडल्यावर वजन सहसा वाढतं, वर्षभरात सरासरी चार-पाच किलो, त्यामुळे कमी होणं हे वेगळं लक्षण आहे. नुसता थकवा असेल आणि महिना-दीड महिन्याने जराही उतार दिसला नाही, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी१२ बघून घ्या. मोठ्याने घोरत असाल तर तेही सांगा. एक बारकावा: सिगारेटमुळे हिमोग्लोबिन थोडं चढलेलं असतं. सोडल्यावर ते जरासं उतरतं, जुन्या रिपोर्टशी तुलना करून घाबरू नका. पण कोणाला आधीपासून रक्त कमी असेल तर ते इतके दिवस त्या चढीमागे झाकलेलं असू शकतं.

आणि मरगळीबरोबर कशातच रस न वाटणं, रडू येणं, जगणं नकोसं वाटणं असं काही असेल तर ते थकव्यात धरू नका. त्याच दिवशी कोणाशी तरी बोला, डॉक्टरांना सांगा. आधी कधी नैराश्य येऊन गेलेल्यांनी तर विशेष.

हिरवळ

रसाचं मागे घेतो, पण पॅच जन्मभर लावायचा का मग?

खलबत्ता

नाही हो. २१ वरून १४, मग ७, असं दोन-तीन महिन्यांत उतरवत बंद करतात. त्याचं वेळापत्रक डॉक्टर देतात किंवा डब्यात असतं. पॅचचं व्यसन लागलेला माणूस मी तरी क्वचितच पाहिलाय; तो संथ असतो, त्यात झुरक्याची मजा नसते.

सकाळच्या शंकेचं उत्तर: झोपताना पॅच काढा, उठल्या उठल्या नवा लावा, पण त्याला रक्तात चढायला काही तास लागतात. मधली वेळ गमने भागवा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर सहसा ४ मिलिग्रॅमची गम सुचवतात, तुम्ही २ ची घेताय. डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. चूळ भरा, गम ठेवा आणि सकाळचा तो एक कप तिच्यानंतर घ्या, आधी नको.