प्रतिसाद: सिस्टरांनाही शिकवा
वर एकांनी लिहिलंय की दमा आणि सीओपीडीचं (श्वासनळ्या कायमच्या आखडण्याचा फुप्फुसाचा आजार) प्रशिक्षण डॉक्टरांपुरतं ठेवावं, सिस्टरांना नेब्युलायझर (औषधाचा फवारा मास्कमधून देणारं यंत्र) लावता आला की झालं. पटत नाही. गुहागर-राजापूरकडे वाडीतल्या पेशंटला पहिली भेटते ती उपकेंद्रातली सिस्टर, आणि सगळ्यात जास्त चुकतं ते इनहेलर ओढणं. स्प्रेचा पंप हलवायचा, श्वास सोडायचा, मग दाबतानाच सावकाश ओढून दहा सेकंद धरायचा. रोटाकॅप, म्हणजे कोरड्या पावडरीची कॅप्सूल, मात्र जोरात, खोल ओढायची. उलटसुलट झालं की औषध घशातच राहतं. नुसतं सांगून भागत नाही, पेशंटकडून करून घ्यावं लागतं, पुढच्या खेपेला पुन्हा. आपल्या पावसात कॅप्सूल दमट होतात, तेव्हा डबीचं झाकण घट्ट, हेही शिकवायला हवं.

ऑक्सिजनचंही तसंच. सीओपीडीत बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के. फार चढवला तर कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जाऊ शकतो. आणि विडीला कधी हात न लावलेली, पण जन्मभर चुलीपुढे बसलेली आजी? तिलाही सीओपीडी होतो. स्पायरोमेट्रीला (फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजायची तपासणी) पाठवा. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर टीबीसाठी थुंकीही तपासा.