शेवंडीला नांग्या नसतात, मग ती वाचते कशी?

प्रश्न: व्हिडिओ बघितला, शेवंडी (काटेरी लॉबस्टर) एकामागोमाग एक रांगेत समुद्रतळावरून चालल्यात, मोठी नांगी एकीलाही नाही. कुणी धरलं तर करतात काय?

उत्तर १: काटेरी लांब मिशा आहेत ना, त्यांनीच फटके मारतात. शिवाय मिशीचं बूड घासून कर्कश आवाज काढतात, व्हायोलिनसारखं, त्याला कडक कवच लागत नाही, म्हणून कात टाकून अंग मऊ असतानाही तो निघतो, भारीच! रांगवाली कॅरिबियन जात असणार, शरदातल्या वादळानंतर खोल पाण्याकडे निघतात.

उत्तर २: तीच जात व्हायरस झालेल्या शेवंडीच्या बिळात राहायचं टाळते. क्वारंटाइन!

उत्तर ३: अंडीवाली मादी जाळ्यात आली तर सोडायची, बऱ्याच देशांत नियमच आहे. पिल्लं चपटी, पारदर्शक, कित्येक महिने प्रवाहात वाहतात, त्यामुळे एकाने वाचवलेल्या मादीची पिल्लं भलत्याच किनाऱ्याला लागू शकतात.