मदत हवी आहे: एम्युलेटरच्या जीडीबी स्टबमधले फ्लोटिंग-पॉइंट रजिस्टर

नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूरमध्ये आम्ही दोघं मिळून ६४-बिट रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा छोटा एम्युलेटर (प्रोसेसरची सॉफ्टवेअर नक्कल) लिहितोय. जीडीबी हा डीबगर जोडणारा भाग (स्टब) चालतो, पण फ्लोटिंग-पॉइंटच्या कोडचं पार कडबोळं झालंय.

आत ३२ एफ-रजिस्टर कायम ६४ बिटांचेच ठेवलेत. फक्त एफ (सिंगल प्रिसिजन) एक्स्टेन्शन असेल तर जीडीबीला ३२ बिट द्यायचे, डी (डबल प्रिसिजन) असेल तर ६४. ही फाटाफूट वाचताना आणि लिहिताना अशी दोन्हीकडे आहे. शिवाय ३२ बिट लिहिले की वरचे ३२ बिट १ करावे लागतात (नॅन-बॉक्सिंग), तेही वेगळ्याच फाइलमध्ये. रुंदी एकदाच ठरवून एकाच फंक्शनमधून सगळं न्यावं, असं मला वाटतं. कुणी केलंय का?

खरी डोकेदुखी एफफ्लॅग्ज, एफआरएम आणि एफसीएसआर. हे सीएसआर (कंट्रोल आणि स्टेटस रजिस्टर) क्रमांक १, २, ३. पहिले दोन म्हणजे एफसीएसआरचेच तुकडे: खालचे ५ बिट फ्लॅग, पुढचे ३ राउंडिंग मोड. जीडीबीला रजिस्टरांची यादी एक्सएमएल फाइलींतून जाते; आमच्याकडे ते एफपीयूच्या (फ्लोटिंग-पॉइंट विभागाच्या) एक्सएमएलमध्ये आहेत आणि सीएसआरच्याही. एकाच माणसाची दोन रेशनकार्डं! एफपीयूमधून काढून टाकले तर जुन्या जीडीबीला चालेल का?

आणखी एक: एमस्टेटस रजिस्टरमधलं एफएस (फ्लोटिंग-पॉइंट भागाची स्थिती सांगणारे बिट) ‘ऑफ’ असताना डीबगरला रजिस्टर दाखवावेत की एरर द्यावी? माझं मत, दाखवावेत. मित्राला पटत नाही. डीबगरने लिहिल्यावर एफएस ‘डर्टी’ (म्हणजे रजिस्टर बदललेत) करता का, तेही सांगा.