'रोझेटा'च्या निमित्ताने: काम मिळत नव्हतं ते दिवस

सांजवेळ
'रोझेटा' चित्रपटाची नायिका एमिली दकेन मार्च २०२५मध्ये गेली, ४३ व्या वर्षी. तेव्हापासून दार्देन या दिग्दर्शक बंधूंचा तो चित्रपट (१९९९) पुन्हा बघायचा होता, काल बघितला. बेल्जियममधल्या सरँ या पोलादनगरीच्या आसपास, दारुड्या आईबरोबर कॅरॅव्हानमध्ये राहणारी पोरगी, रोझेटा. कारखान्यातून काढून टाकतात तरी जागची हलत नाही, ओढून बाहेर काढावं लागतं. रात्री अंथरुणात स्वतःलाच समजावते: काम मिळालं, मित्र मिळाला. पण पुढे कामासाठी ती त्याच मित्राची, रिकेची, लबाडी मालकाला सांगते आणि वॉफलच्या टपरीवर त्याच्या जागी उभी राहते. तिथून मी पुढे सरकलेच नाही. तुमचे ते दिवस लिहा. सल्ले नकोत.

लालबागकर
१९८२चा संप. बाबा गिरणीत, मी अकरावीत. आईची खानावळ होती, पण जेवणारेच संपकरी, पैसे देणार कुठून? तरी ती कुणाचं ताट मागे घ्यायची नाही. मी कॉलेज सोडून एका छापखान्यात फर्मे जुळवायला लागलो. बाबा मात्र रोज सात वाजता डबा घेऊन निघायचे, गेटसमोर बसून दुपारी परत. संपाला वर्ष होऊन गेलं तरी. डबा धुताना आई पाठ फिरवून उभी राहायची.

माणदेशी
पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांसाठी पाच वर्षं काढली. कॉट बेसिसवर खोली, अभ्यासिका, मेस. प्रिलिम निघायची, मेन्सला अडकायचो. रोझेटा चांगले बूट पाईपात लपवते ना, तसा माझा एक शर्ट होता. इस्त्री करून गादीखाली. गावी जाताना एसटी स्टँडवर उतरलो की मुतारीच्या आडोशाला तो घालायचो आणि मग घराकडे. लग्नांना जाणं तिसऱ्या वर्षीच बंद केलं. 'सध्या काय करतोस?' याला उत्तर नव्हतं.

उत्तरवारा
मी ब्रसेल्सला असते. चित्रपटाला कान्स महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार पाम द'ओर मिळाला, त्याच वर्षी इथे तरुणांच्या पहिल्या नोकरीची योजना आली. ५० किंवा जास्त कामगार असतील तर खाजगी कंपनीने ३ टक्के तरुण घ्यायचे. कायद्याचं काम आधीच चालू होतं, पण नाव पडलं 'रोझेटा योजना'.

अनामिक
सांजवेळ, तुम्ही थांबलात तिथेच मीही. डिप्लोमा करून मी आणि रूममेट चाकणला कंपन्यांच्या गेटवर फिरत होतो. एकदा तो आंघोळीला गेला असताना त्याच्या फोनवर ठेकेदाराचा कॉल आला. एकच जागा आहे, उद्या सहाला या. मी कॉल डिलीट केला आणि सकाळी स्वतः गेलो. कंत्राट अकरा महिन्यांचं होतं. तो दोन महिन्यांनी गावी परतला, जाताना त्याचा कुकर मला देऊन गेला. गॅसच्या सिलिंडरखाली वाकलेली रोझेटा कोसळते आणि शेवटी रिकेच तिला उठवतो, तो शॉट मला बघवत नाही. कुकर अजून वापरात आहे. त्याला मी काहीच सांगितलेलं नाही.