नाताळच्या सुट्टीत बेल्जियमचा किनारा: खाणे, बिअर आणि समुद्र यांची सांगड कशी घालावी?

दर्यावेडी:

नमस्कार. आम्ही कामानिमित्त जर्मनीत राहतो. यंदा भारतातून सासू-सासरे येत असल्यामुळे नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या दिवसांत बेल्जियमच्या समुद्रकिनाऱ्यावर मुक्काम करावा, असे मनात आहे. सासऱ्यांना मासे प्रिय आहेत, यजमानांना तिथल्या बिअरचे कुतूहल आहे, सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि मला समुद्राकाठी चालायला मिळाले की बाकी काही नको असते. ओळखीच्यांपैकी बहुतेकांनी मात्र ‘हिवाळ्यात तिथे काय ठेवले आहे?’ असाच सूर लावला. मुक्काम कुठे करावा, गाडी न्यावी की नाही आणि त्या दिवसांत स्थानिक खाणेपिणे नीट मिळते का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

वाळूचाघर:

हिवाळ्यात अवश्य जावे, परंतु दिवसाची आखणी उजेडाकडे पाहून करावी. डिसेंबरच्या अखेरीस तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो, त्यामुळे न्याहारी आटोपून लगेच बाहेर पडणे, दुपारचे जेवण लांबवणे आणि अंधार पडला की उपाहारगृहाच्या उबेत जाऊन बसणे हाच क्रम सोयीचा ठरतो. तापमान शून्याच्या थोडे वर असते. त्रास देतो तो वारा.

मुक्कामासाठी मी ओस्टेंड हे किनाऱ्यावरचे शहर सुचवेन. ब्रसेल्सहून थेट रेल्वे आहे आणि स्थानकासमोरूनच किनारी ट्राम सुटते. ही ट्राम पूर्वेच्या क्नॉकेपासून फ्रान्सच्या हद्दीजवळच्या दे पानेपर्यंत सुमारे ६७ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अख्ख्या बेल्जियन किनाऱ्याला समांतर धावते; तिचा पहिला टप्पा १८८५ साली सुरू झाला. मनाला येईल तिथे उतरावे, चालावे आणि पुढच्या थांब्यावर पुन्हा चढावे. वारा बहुधा नैऋत्येकडून येत असल्यामुळे ट्रामने आधी दे पानेच्या दिशेला जाऊन परतीची वाट पायी धरावी, म्हणजे वारा पाठीशी राहतो. उलट दिशेने चालल्यास कोरडी वाळू घोट्याच्या उंचीवरून सरपटत येते आणि खाली वाकलात, तर थेट डोळ्यांत जाते.

सौंदर्याच्या बाबतीत एक गोष्ट आधीच सांगणे बरे. या किनाऱ्यावर बंधाऱ्याला लागून बहुमजली सदनिकांची जवळजवळ अखंड भिंत उभी आहे आणि ती कुरूप आहे. तिच्याकडे पाठ करून समुद्राकडे पाहावे. भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्या आसपास असल्यामुळे ओहोटीच्या वेळी ओली, चकचकीत, करड्या रंगाची पुळण दूरवर उघडी पडते आणि आकाश व वाळू यांतील सीमारेषाच नाहीशी होते. उन्हाळ्याच्या गर्दीत हे दृश्य तुम्हाला दिसणार नाही. इमारती नकोच असतील, तर दे पानेजवळच्या वेस्टहूक अभयारण्यातील वाळूच्या टेकड्यांत जावे. दे हान हे गावही त्या भिंतीतून बरेचसे वाचलेले आहे. तिथे जुनी पांढरी बंगलेवजा घरे टिकून आहेत आणि १९३३ साली जर्मनीत परतणे अशक्य झाल्यावर आइन्स्टाइन काही महिने तिथेच राहिले होते.

आता सासऱ्यांसाठी. तिथला खरा मानाचा जिन्नस म्हणजे करडी कोळंबी. आकाराने ती आपल्या करंदीएवढीच असते, पण चव गोडसर आणि खारट असते, कारण ती बोटीवरच समुद्राच्या पाण्यात उकडली जाते. पोखरलेल्या टोमॅटोत मेयोनेजसह भरलेली ही कोळंबी आणि तिच्या दाट सारणाचे तळलेले क्रोकेट, हे दोन पदार्थ चुकवू नयेत. ओस्टेंडच्या व्हिसर्सकाय या धक्क्यावरच्या मासळी बाजारात ती सालासकट मिळते. शेपूट हलके पिळून ओढले की सोलून येते. सोललेली घ्यायची असल्यास ती कुठे सोलली, हे विचारावे, कारण बरीचशी कोळंबी सोलण्यासाठी मोरोक्कोला पाठवली जाते आणि परत येते. इथेच ताजी सोललेली महाग पडते, पण फरक पहिल्या घासाला कळतो. त्याच धक्क्यावर थंडीत गरम रश्श्यातले समुद्री शंख मिळतात. सासऱ्यांना शिंपल्यांची सवय असेल, तर तेही आवडतील.

फेसाळ:

खाण्याविषयी वर उत्तम लिहिले आहे, म्हणून मी बिअरपुरतेच लिहितो. नाताळच्या सुमारास बेल्जियममधील अनेक मद्यनिर्माते खास हिवाळी बिअर काढतात. ती बहुधा गडद, गोडसर आणि तीव्र असते. किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या दिक्समाउडेजवळच्या एसेन गावात दे डोले ब्राउवर्स ही छोटी भट्टी आहे. तिची ‘स्तिले नाख्त’ ही नाताळची बिअर सुमारे १२ टक्के मद्यार्काची असते. वाटाऊ गावच्या सिंट बर्नार्डसची नाताळची बिअर १० टक्क्यांची असते. म्हणजे ३३ सेंटिलिटरच्या एका बाटलीत नेहमीच्या ५ टक्क्यांच्या बिअरच्या दोन बाटल्यांइतका किंवा त्याहून अधिक मद्यार्क असतो, हे यजमानांनी ध्यानात ठेवावे. अशी बिअर बर्फगार पिऊ नये. पेला हातात धरून सावकाश ऊब येऊ दिली की सुकामेवा, काकवी आणि मसाल्यांचे गंध एकेक करून वर येतात. प्रत्येक बिअरसाठी ठरलेला वेगळा पेला असतो आणि तो शिल्लक नसेल, तर काही ठिकाणी सेवक त्याबद्दल गंभीरपणे दिलगिरी व्यक्त करतात, याचे मला आजही हसू येते. युनेस्कोने २०१६ साली बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यामागे असा काटेकोरपणाही असावा.

कोळंबीच्या क्रोकेटसोबत मात्र ही गोड, जड बिअर घेऊ नका. त्याला रूसेलारे येथील रोडेनबाखसारखी आंबट, तांबूस बिअर हवी. ती ओकच्या उंच लाकडी पिंपांत मुरवतात आणि तिचा आंबटपणा तळणाचा तेलकटपणा कापतो. वेस्टफ्लेटरेनच्या मठातील प्रसिद्ध ट्रॅपिस्ट बिअरची, म्हणजे ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मठवासीयांच्या बिअरची, ओढ असेल, तर मठासमोरच्या ‘इन दे व्रेदे’ या उपाहारगृहात ती पिता येते, परंतु सुट्टीच्या काळातील त्याच्या वेळा आधी पाहून घ्याव्यात. तिथे सार्वजनिक वाहनाने पोहोचणे किचकट आहे. गाडी नेल्यास चालवणाऱ्याने पिण्याचा विचारच करू नये. कायदेशीर मर्यादा रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे आणि या बिअर ती पाहता पाहता ओलांडतात.

घंटाघर:

मुक्कामाबाबत माझे मत वेगळे आहे. सोबत वडीलधारी मंडळी असताना ओस्टेंडजवळच्या ब्रूज या जुन्या शहरात राहणे अधिक सुखाचे. ओस्टेंडला रेल्वेने पंधरा मिनिटांत जाता येते, आणि पाऊस सलग लागला, तर ब्रूजमध्ये पाहण्यासारखे बरेच काही आहे. तिथल्या दे हाल्व्ह मान या भट्टीने जुन्या शहरातील दगडी रस्त्यांवरून टँकर न्यावे लागू नयेत, म्हणून बाटल्या भरण्याच्या कारखान्यापर्यंत सुमारे तीन किलोमीटरची भूमिगत बिअरवाहिनी टाकली. ती २०१६ साली सुरू झाली. ती भट्टी आतून पाहता येते. सासूबाईंना बिअरमध्ये रस नसला, तरी गच्चीवरून दिसणारी कौलारू छपरे त्यांना आवडतील. तिथवर अरुंद, उभे जिने चढावे लागतात, हे मात्र आधी सांगून ठेवा.

वाळूचाघर:

ब्रूज सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु नाताळच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि प्रश्नकर्तीला समुद्राकाठी चालायचे आहे. वादळी सकाळी खिडकीतून लाटा पाहून बाहेर पडायचे की नाही हे ठरवता येणे, ही सोय ब्रूजमध्ये मिळणार नाही.

दर्यावेडी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओस्टेंडचा विचार पक्का होत आहे. सासूबाईंच्या जेवणाचा प्रश्न तेवढा शिल्लक राहिला. बटाट्याच्या फ्राइजवर त्यांचे भागेल, असे मी गृहीत धरले आहे.

मिताहारी:

ते कृपया गृहीत धरू नका. बेल्जियममध्ये फ्राइज पारंपरिक पद्धतीने गोवंशाच्या चरबीत दोनदा तळतात आणि चांगल्या गाड्यांवर ही प्रथा अजून जिवंत आहे. वनस्पती तेल वापरणारी ठिकाणेही आहेत, पण ‘हे कशात तळता?’ असे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट विचारावे. शिवाय तेल वनस्पतीजन्य असले, तरी त्याच कढईत कोळंबीचे क्रोकेट तळले जात असण्याची शक्यता उरतेच, आणि हेच चीजच्या क्रोकेटलाही लागू आहे. सूप मागवताना त्याचा आधार मांसाच्या रश्श्याचा नाही ना, हेही विचारावे. विटलोफ, म्हणजे चिकोरीचे कडवट पांढरे कोंब, हिवाळ्यातील खास भाजी आहे, परंतु ओव्हनमध्ये भाजताना तिला नेहमी हॅममध्ये गुंडाळतात, म्हणून हॅमशिवाय करून देतील का, हे आधी ठरवून घ्यावे लागते. या सगळ्या चौकशीचा सासूबाईंना कंटाळा येणार असेल, तर हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली सदनिका भाड्याने घ्यावी; ज्या इमारतींना वर नावे ठेवली आहेत, त्यांत अशा सदनिका विपुल आहेत. कुकर आणि डाळ-तांदूळ गाडीतून नेता येतील, आणि तिथे पोहोचल्यावर गाडी उभी करून ट्रामनेच फिरावे.

२५ डिसेंबरला आणि १ जानेवारीला बरीच उपाहारगृहे बंद असतात. ३१ तारखेच्या रात्री पुष्कळ ठिकाणी ठरावीक पदार्थांचेच महागडे ताट असते आणि त्यात शाकाहारी पर्याय आगाऊ कळवल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे त्या रात्रीची जागा राखून ठेवतानाच सासूबाईंचे पथ्य लेखी कळवावे. २५ डिसेंबर आणि १ जानेवारी या दोन दिवसांसाठी भाजी, पाव आणि दूध आदल्या दिवशी दुपारपर्यंत आणून ठेवा, कारण सणाच्या आदल्या संध्याकाळी दुकानेही लवकर बंद होतात.