कॅमच्या कोर्सला जी-कोड हातानं का लिहायला लावतात?

थर्ड_इयर_मेक:
नमस्कार, मी सोलापुरातच मेकॅनिकलला आहे, यंदा कॉम्प्युटर एडेड मॅन्युफॅक्चरिंग विषय लागलाय. निम्मं सेमिस्टर झालं तरी सर वहीवरच जी-कोडचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला टूल कसं हलवायचं ते सांगणाऱ्या ओळींचे) प्रोग्रॅम लिहून घेतायत, सुसाट हलायला जी००, सरळ कापायला जी०१, आर्कसाठी जी०२ जी०३... आणि लॅबमध्ये मॉडेल टाकून टूलपाथ (टूलचा मार्ग) निवडला की शेकडो ओळी आपोआप येतात. मग हातानं लिहून उपयोग काय? मला पुण्याला जायचं नाही, इथंच चिंचोळी एमआयडीसीत लागायचंय, तर नक्की काय पक्कं करू?

व्हीएमसी_सेटर:
भावा, सर बरोबर करायलेत. कोड सॉफ्टवेअर देतं पण मशीनसमोर तू उभा असतो, टूल जी०० मध्ये सुसाट खाली येत असतं आणि पुढच्या ब्लॉकला (ओळीत) झेड, म्हणजे उंची, किती आहे हे वाचता आलं नाही तर फीड होल्ड (हालचाल थांबवायचं बटण) कधी दाबणार? दुसरं म्हणजे जी५४, जॉबचा झीरो मशीनवर कुठं आहे ते सांगणारा कोड. जॉब (कापायचा तुकडा) वाइसमध्ये कुठं बांधलाय ते कॉम्प्युटरला कुठून कळणार, एज फाइंडर (कड शोधायचं साधन) लावून ते तूच भरायचं. मॉडेलमध्ये झीरो कोपऱ्यात धरला आणि मशीनवर सेंटरला घेतला की कोड एकदम बरोबर असून जॉब स्क्रॅप. टूलची लांबी धरणाऱ्या जी४३ सोबतचा एच नंबर दुसऱ्याच टूलचा पडला तर टूल सरळ जॉबमध्ये घुसू शकतं. आणि हे तर लिहूनच ठेव, बऱ्याच फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर एक्स१० च्या पुढं पॉइंट (दशांश चिन्ह) दिला तर १० मिमी, नाही दिला तर १० मायक्रॉन. टूलपाथचा कोड बनवणारा पोस्ट प्रोसेसर पॉइंट नीट टाकतो, पण शिफ्टमध्ये घाईत कुणीतरी मशीनवरच एडिट करतं, घोळ तिथं होतो. नवीन प्रोग्रॅम कायम सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ), रॅपिड (जी०० चा वेग) कमी करून चालवायचा.

शिकवणारी_ताई:
वरच्या दादांचं अगदी पटलं. एक भर घालते. १९५२ ला एमआयटीत पहिलं एनसी (न्यूमेरिकल कंट्रोल, आकड्यांवर चालणारं) मिलिंग मशीन लोकांना दाखवलं तेव्हा ते भोकं पाडलेल्या टेपवर चालायचं, आपल्याकडं चादरीची नक्षी जॅकार्डच्या कार्डांवर चालते ना, तसंच. म्हणजे आधी कोड आला, स्क्रीनवरचं मॉडेल नंतर.

आणि स्पीड (टूल फिरण्याचा वेग) नि फीड (टूल पुढं सरकण्याचा वेग) हातानं काढायची सवय लावच. १० मिमीचा चार दातांचा एचएसएस (हाय स्पीड स्टील) एंडमिल कटर, माइल्ड स्टील, कटिंग स्पीड ३० मीटर प्रति मिनिट धर. ३० मीटर म्हणजे ३०,००० मिमी, त्याला (३.१४ गुणिले १०) नं भागायचं, आले साधारण ९५५ आरपीएम. दर दाताला ०.०५ मिमी धरलं तर ९५५ गुणिले ४ गुणिले ०.०५, म्हणजे फीड १९१ मिमी प्रति मिनिट. सॉफ्टवेअर टूल लायब्ररीतला आकडा उचलतं, तुमच्या लॅबमधली वाइस ढिली आहे का कटर झिजलाय का ते त्याला दिसत नाही. हा अंदाज मुलांना यावा असं मला मनापासून वाटतं, परीक्षेत विचारोत नाहीतर न विचारोत.

थर्ड_इयर_मेक:
खूप आभार ताई, दादा. घरी सराव कशावर करू? आणि लेथला पण हेच सगळं चालतं का?

व्हीएमसी_सेटर:
कॅमोटिक्स हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, हातानं लिहिलेला मिलिंगचा प्रोग्रॅम त्यात टाकून मटेरियल कसं कापलं जातंय बघ, चुकलं तर लगेच दिसतं. टर्निंगला बरंचसं तेच, फक्त तिथं एक्स म्हणजे सहसा डायमीटर असतो, ४० चा ३८ केला तर एका बाजूनं १ मिमीच निघतो. आधी सरांच्या वहीतलाच एखादा प्रोग्रॅम टाक, अडलास तर कोड इथं चिकटव, बघू.